ब्रूडर प्लेट: एकुलत्या पिल्लासाठी घ्यावी का?

अंगणात चार-सहा कोंबड्या असल्या की ही वेळ कधी ना कधी येतेच. बाकीची अंडी वाया जातात आणि एकच फुटतं. नाहीतर कोंबडी पिल्लं घेऊन उठते आणि मागे राहिलेलं अंडं दुसऱ्या दिवशी फुटतं. हातात एक ओलं पिल्लू असतं आणि त्याला ऊब कशाने द्यायची हा प्रश्न असतो. बल्ब हा जुना उपाय. चार पायांवर उभी राहणारी, खालच्या बाजूने तापणारी ब्रूडर प्लेट हा नवा. हे परीक्षण साधारण २५ सेंमी लांब-रुंद, १५ ते २५ वॅटच्या छोट्या प्लेटचं आहे, आणि तेही एकाच पिल्लाच्या हिशेबाने. अशा प्लेटच्या खोक्यावर पंधरा-वीस पिल्लांचा आकडा असतो. एकाला ती पुरेल यात शंका नाही, पण एकासाठी ती वेगळ्या तऱ्हेने लावावी लागते आणि माहितीपत्रकात त्याबद्दल अक्षर नसतं.

बल्बपेक्षा प्लेट उजवी, यात वाद नाही. पण घरात खुडूक कोंबडी बसलेली असेल तर ती घेऊच नका. कोंबडी निदान दोन आठवडे पक्की बसलेली हवी आणि पिल्लू एक-दोन दिवसांचंच हवं. रात्री अंधारात तिच्याखालचं एक अंडं काढून तिथे पिल्लू सरकवायचं आणि उजाडायच्या आत जाऊन बघायचं. ती दबक्या आवाजात क्लक-क्लक करत असेल आणि पिल्लू पंखाखाली असेल तर काम झालं. उरलेली अंडी काढून घ्या. तिने चोच मारली तर पिल्लू लगेच उचला, कारण अशी कोंबडी दुसऱ्यांदा विचार करत नाही. पिल्लू तीन-चार दिवसांचं झालं की हा मार्ग जवळजवळ बंद होतो. तोपर्यंत त्याने आई म्हणून दुसऱ्या कोणाला तरी धरलेलं असतं.

खुडूक कोंबडी नसेल तर प्लेट. बल्बशी तुलना करायची तर आधी विजेचं. २५० वॅटचा इन्फ्रारेड बल्ब दिवसाला ६ युनिट खातो, १८ वॅटची प्लेट अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आग. बल्ब सुटून भुशात पडला तर खोकं पेटायला वेळ लागत नाही. प्लेट पडली तरी तेवढी तापत नाही. काही बल्बांच्या काचेवर न फुटण्यासाठी टेफ्लॉनसारखा थर असतो. तापल्यावर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांच्या फुप्फुसांना घातक असतो, म्हणून बल्बच वापरायचा असेल तर एवढं तरी तपासून घ्या. तिसरा फरक उजेडाचा. प्लेट प्रकाश देत नाही, त्यामुळे पिल्लाला खरी रात्र मिळते आणि ते झोपतं. बल्बाखाली चोवीस तास दिवसच असतो.

आता मांडणी. पिल्लू यायच्या निदान अर्धा तास आधी प्लेट लावून ठेवा. तळहात उताणा करून खाली धरा; ऊब छान लागली पाहिजे, चटका नाही. थर्मामीटर खाली सरकवून ‘३५ अंश का दिसत नाहीत’ म्हणून घाबरणारे पुष्कळ आहेत. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश आणि मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, हा नियम बल्बासाठी आहे, कारण बल्ब जागा तापवतो. प्लेट पाठीला टेकून ऊब देते, कोंबडीच्या पोटासारखी. म्हणून इथे आकडा अंशांचा नाही, उंचीचा: पिल्लू उभं राहिलं की पाठ प्लेटला लागली पाहिजे आणि बसलं की किंचित सुटली पाहिजे. मागचे दोन पाय एक खाच खाली ठेवा. उतार मिळाला की पिल्लू आपल्याला हवी ती जागा शोधतं. दर तीन-चार दिवसांनी उंची तपासा.

बऱ्याच जणांची गडबड इथेच होते. प्लेटचे पाय भुशात रुततात, किंवा खालचा भुसा दाबला जाऊन एक कोपरा खाली जातो आणि पिल्लू अडकतं. पाय फरशीच्या तुकड्यावर किंवा सपाट पुठ्ठ्यावर टेकवा आणि भुसा आजूबाजूला पसरा. पहिले दोन-तीन दिवस भुसाही नको, कारण पिल्लू तो दाणा समजून गिळतं. किचन टॉवेलचा खरखरीत कागद घाला. वर्तमानपत्र अजिबात नको. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाय फाकतात आणि दोन दिवसांत पिल्लू बेडकासारखं पसरतं. तसं झालंच तर दोन्ही पायांना चिकटपट्टीची सैल बेडी घाला, मध्ये साधारण अडीच सेंमी अंतर ठेवून. लवकर केलं तर दोन ते चार दिवसांत पाय सरळ होतात.

एकट्या पिल्लासाठी खरा बदल प्लेटच्या कडांना करावा लागतो. दहा पिल्लं असली की ती एकमेकांना चिकटून हवा अडवतात. एकाच्या तिन्ही बाजूंनी गारवा शिरतो. फ्लीसच्या कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या तीन कडांना पडद्यासारख्या लावा आणि एक कड उघडी ठेवा. कापड दोरे सुटणारं नसावं. एक धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर पाय सुजून काळा पडेपर्यंत लक्षात येत नाही. सोबतीसाठी बटणाचे डोळे असलेली किंवा लांब केसांची खेळणीही नकोत, तंतू गळ्याच्या अन्नपिशवीत गोळा होऊन अडकतात. आखूड केसांची, पिल्लाच्या दुप्पट आकाराची मऊ बाहुली प्लेटखाली चालते. आरसा ठेवला तर तो खाण्याच्या भांड्याजवळ ठेवा. प्लेटजवळ ठेवलात तर पिल्लू ऊब सोडून थंड काचेला टेकून झोपतं.

प्लेट लावली की पिल्लू आपणहून खाली जाईल हे गृहीत धरू नका. त्याला ती ओळखीची नसते. पहिल्या दिवशी दर तासाला हाताने खाली सरकवा, बोटं थोडी आत ठेवा, शांत झालं की हळूच काढा. थंडीने ओरडतंय की एकटेपणाने, हे ओळखणं अवघड नाही. मोठ्याने, वरून खाली उतरत जाणारे ‘चीऽऽव चीऽऽव’ सूर म्हणजे तक्रार. हळू, तुटक, वर चढणारी किलबिल म्हणजे समाधान. तक्रार सुरू असताना खोक्यात नुसता हात ठेवा. हात दिसताच गप्प झालं तर ते एकटेपण. गप्प झालं नाही तर पाय बोटांत धरून बघा. गार लागले तर प्लेट एक खाच खाली घ्या. पंख पसरून, चोच उघडी ठेवून लांब पडलं असेल तर उकडतंय, तेव्हा खोकं मोठं करा किंवा प्लेट वर घ्या.

एकटेपणाचं मात्र प्लेटला काही करता येत नाही. कोंबडीची पिल्लं फुटल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जे हलताना दिसेल त्याच्या मागे लागतात. ब्रिटिश निसर्गअभ्यासक डग्लस स्पाल्डिंग यांनी १८७३ मध्येच याची नोंद केली होती. पुढे १९३५ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी कलहंसाच्या पिल्लांवरून ते जगाला समजावलं. तुम्ही एकटेच दिसत असाल तर तुम्हीच ती कोंबडी. म्हणूनच सगळ्यात चांगला खर्च म्हणजे पहिल्याच आठवड्यात त्याच वयाचं दुसरं पिल्लू, शक्यतो दोन. तोच दोन आठवड्यांनी केला तर आधीचं पिल्लू नव्याला मारतं.

खाण्यात प्लेटचा संबंध एवढाच की भांडी तिच्यापासून लांब, खोक्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, तरी चोवीस तासांच्या आत पाणी दाखवा: चोचीचं टोक एकदा बुडवायचं, नाकपुड्या नाहीत. पसरट भांड्यात गोट्या टाका, नाहीतर ते त्यात बुडतं. दाणे दाखवायला आई नसते, म्हणून बोटाने दाण्यांवर टकटक करा. कोंबडी तेच चोचीने करते आणि पिल्लू लगेच नक्कल करतं. खाद्य १८ ते २० टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य एक दिवसही नको. त्यातलं जवळपास चारपट कॅल्शियम पिल्लाच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. स्टार्टरमध्ये अँप्रोलियम असेल तर रक्ती हगवणीपासून संरक्षण मिळतं, पण मग बी जीवनसत्त्वाचं टॉनिक बरोबर देऊ नका. हे औषध जंतूचा थायमिन (बी१ जीवनसत्त्व) अडवूनच काम करतं.

रोज दोन गोष्टी करा. एक, वजन. किचनच्या काट्यावर वाटी ठेवा. फुटलेलं पिल्लू ३५ ते ४५ ग्रॅमचं असतं. पहिल्या दिवशी थोडं उतरतं, मग रोज चढलं पाहिजे. दोन दिवस काटा जागेवरच राहिला तर खोट कुठेतरी आहे. दुसरी, शेपटीखालची तपासणी. विष्ठा वाळून गुदद्वार बंद झालं तर पिल्लू एका दिवसात जाऊ शकतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करा, ओढून काढू नका, कोरडं करा आणि खोबरेल तेलाचं बोट लावा. पोटाकडची बेंबी वेगळी असते, तिला खरवडू नका. दोन्हीनंतर हात साबणाने धुवा, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लातही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो.

आता प्लेटचे दोष. स्वस्त प्लेटला थर्मोस्टॅट नसतो. खोली थंड झाली की तीही थंड होते. साधारण १० अंशांखालच्या गोठ्यात किंवा व्हरांड्यात ती पुरत नाही, आणि हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. उलट खोलीच ३५ अंशांची असेल तर दुपारी बंदच ठेवा. वीज गेली की ती भराभर निवते, म्हणून जाड टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली तयार ठेवा. दुसऱ्या आठवड्यात पिल्लू तिच्यावर चढून बसतं आणि वरची बाजू विष्ठेने भरते. वर उतरत्या पुठ्ठ्याचं छप्पर किंवा ताणून बसवलेली प्लास्टिक फिल्म लावली की दोन मिनिटांत साफ होते. वायर जाड असावी आणि अ‍ॅडॉप्टर खोक्याबाहेर. चोचीला वायर म्हणजे किडा वाटतो. बारा व्होल्टवर चालणारी घ्या. पाय खाचांचे असतील तर हाताने बदलता येतात. नट-बोल्टवाल्यांत दर वेळी पिल्लू बाहेर काढून पाना शोधावा लागतो, आणि हा त्रास तुम्ही तिसऱ्यांदा टाळणारच.

चौथ्या आठवड्यात पिल्लू प्लेटखाली न जाता बाजूला झोपू लागतं. आधी दिवसा बंद करा, मग रात्री. पाच-सहा आठवड्यांत पूर्ण पिसं आल्यावर कायमची. बाहेरच्या कोंबड्यांशी ओळख करून देताना घाई नको. चोच मारण्याचा क्रम, म्हणजे कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड, हा काही कल्पनेचा भाग नाही. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलेफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तो कोंबड्यांवरच दाखवला होता. आधी जाळीच्या आडून दहा-पंधरा दिवस एकमेकींना दिसू द्या. मग संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसल्यावर, आत सोडा. खाण्याची भांडी दोन ठेवा, लांब-लांब, आणि लहानीला शिरता येईल अशी एक फट ठेवा. रक्त दिसलं तर लगेच वेगळं करा. लाल रंग दिसला की सगळ्या तुटून पडतात.

हातावर वाढलेल्या तलंगेच्या (तरुण कोंबडीच्या) खोड्या प्लेटमुळे कमी होत नाहीत. ती माणसाच्या खांद्यावर चढते, दार उघडताच आत येते, आणि अंडी घालायची वेळ जवळ आली की तुमच्यापुढे पंख पसरून दबकते. अंड्याचं खोकं कुठे असतं हे तिला कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून ती बुटात किंवा कपड्यांच्या टोपलीत अंडं देते. ३० सेंमीचं अंधारं खोकं आणि त्यात एक खोटं अंडं ठेवलंत की बहुतेक ती ऐकते. पिल्लू नर निघाला तर मांडीवर वाढवू नका. तुम्हाला कोंबडी समजणारा कोंबडा पुढे प्रतिस्पर्धीही समजतो आणि टाचेच्या काट्याने तसं दाखवतो.

या सगळ्यात प्लेटला पाचपैकी चार. एक गुण माहितीपत्रकाचा कापला, कारण त्यात एकट्या पिल्लाबद्दल काही नाही आणि १० अंशांची मर्यादा लपवून ठेवलेली असते. काम झालं की प्लग काढून गार होऊ द्या, ओल्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका. रक्ती हगवणीच्या जंतूची विष्ठेतून पसरणारी, जाड कवचाची बीजं साध्या जंतुनाशकाला दाद देत नाहीत. विष्ठा पूर्ण खरवडून काढा, प्लेट कोरडी करा आणि पुढच्या वेळी लावण्याआधी वायर बोटाने तपासून घ्या.