पावतीवरचे १८ टक्के

माझे बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. पोत्यामागे पाव किलोचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तरी आम्ही फसलो, म्हणून हे लिहितेय.

बी.कॉम. झाल्यावर मला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणं, त्यांचे खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणं या कामात, जायचं होतं. विश्रामबागेतल्या एका संस्थेने सांगितलं : परदेशी विद्यापीठाची एमएस्सी फायनान्स, एका वर्षात, घरबसल्या, आणि इन्व्हेस्टमेंट बँकेत शंभर टक्के नोकरी. फी चार लाख. "काका, आज नाव घातलं तर पन्नास हजार कमी," तिथल्या मॅडम बाबांना म्हणाल्या. कर्जही तिथंच टॅबवर झालं. आधार, पॅन, दोन ओटीपी. पैसे थेट संस्थेला गेले, हप्ते माझ्या नावावर राहिले.

शिकवणं म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. ट्रेड सेटलमेंट (झालेला व्यवहार पुरा करणं), रिकन्सिलिएशन (आकडे जुळवणं), केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणं). कंपनीचं मूल्यांकन, विलीनीकरण, आयपीओ (शेअर पहिल्यांदा बाजारात आणणं), एक्सेलमधलं मॉडेल यांचा पत्ता नाही. मला वाटलं, पुढच्या सत्रात येईल.

नोकरी मात्र खरंच लागली. पुण्यात खराडीला, रात्रपाळी, महिना २२ हजार. बँकेचं नाव मोठं, पद 'अॅनालिस्ट'. काम काय, तर झालेल्या व्यवहारांचे दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते बघायचं. बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे सौदा दुसरेच करणार, तू माझंच काम करणार."

काम वाईट नाही. पण शेजारच्या खुर्चीवरची मुलगी नुसत्या बी.कॉम.वर आली होती, एक रुपया न भरता.

मामा सीए आहे. दिवाळीत त्याने पावती मागितली आणि पाहताच कपाळाला हात लावला. साडेतीन लाखांवर १८ टक्के जीएसटी, ६३ हजार! कायद्याने मान्य असलेल्या पदवीच्या शिक्षणाला जीएसटी माफ असतो. इथे कर लावला, म्हणजे हे तसं शिक्षण नव्हतंच. पावतीवर छापलंच होतं, 'ट्रेनिंग सर्व्हिसेस'. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यतेशिवाय इथल्या संस्थांमार्फत किंवा ऑनलाइन कंपन्यांमार्फत दिलेल्या परदेशी पदव्या ग्राह्य नाहीत, अशी सूचना यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्येच काढली होती. करारात 'नोकरीची हमी' कुठेच नव्हती, होतं 'प्लेसमेंट असिस्टन्स'. ही पावती आणि हा करार आमच्या घरातल्या फायलीत वर्षभर पडून होते.

तुम्ही फी भरणार असाल तर मागच्या बॅचची मुलं कुठल्या बँकेत आहेत हे विचारू नका, कुठल्या विभागात आहेत ते विचारा, आणि त्यातल्या दोघांशी स्वतः बोला. 'अॅनालिस्ट' या शब्दाला भुलू नका, तो बॅक ऑफिसला, म्हणजे सौदा झाल्यावर नोंदी आणि आकडे जुळवणाऱ्या विभागालाही लावतात. प्रत्यक्ष सौदे करणाऱ्या विभागात मला दिसले ते बहुतेक सीए किंवा नावाजलेल्या बी-स्कूलचे. आणि कर्जाचा ओटीपी त्यांच्या ऑफिसात बसून देऊ नका. घरी या, एक रात्र जाऊ द्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. संस्थेचं उत्तर आलं : नोकरी दिली आहे. हप्ता ५ तारखेला जातो, अजून चौदा बाकी आहेत.