एटीए कार्नेट: सोय उत्तम, पण शिक्के तुम्हीच मोजायचे

यंत्र परदेशी प्रदर्शनात मांडून परत आणायचं, तर एरवी प्रत्येक देशात आयात शुल्काइतकी अनामत भरावी लागते आणि निघताना ती सोडवत बसावं लागतं. एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेऊन परत आणण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय कस्टम्स दस्तऐवज, हा त्रास वाचवतं. 1961च्या ब्रुसेल्स कराराने ही सोय उभी राहिली आणि 1990च्या इस्तंबूल कराराने ती पुढे नेली. प्रत्येक सदस्य देशातली हमीदार संस्था, बहुधा चेंबर ऑफ कॉमर्स, इतर देशांच्या कस्टम्सला शुल्काची हमी देते. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष.

व्यावसायिक नमुने, प्रदर्शनाचा माल आणि कामाची उपकरणं या तीन गोष्टींसाठी ते मुख्यतः वापरतात. वाटायची माहितीपत्रकं, खाद्यपदार्थ, दुरुस्तीला पाठवलेला माल यात बसत नाही. शिवाय कोणता देश कशासाठी कार्नेट स्वीकारतो ते आधी तपासा. चीन 2019पर्यंत फक्त प्रदर्शनाचा माल घेत होता.

खरं काम मालाच्या यादीत आहे. प्रत्येक वस्तूचं वर्णन, सिरीयल नंबर, नग, वजन, किंमत आणि मूळ देश लिहायचा. कार्नेट हातात पडल्यावर यादीत एक केबलसुद्धा वाढवता येत नाही. ‘सुटे भाग, 1 पेटी’ असं मोघम लिहिलंत तर पेटी उघडली जाणार, हे धरून चाला. कस्टम्स ज्यांवर शिक्के मारतं ती पानं रंगांवरून ओळखायची: मायदेशातून निर्यात आणि परत आयातीला पिवळी, परदेशातल्या आयात-पुनर्निर्यातीला पांढरी, ट्रान्झिटला, म्हणजे माल एखाद्या देशातून नुसता पुढे नेताना, निळी. किती फेऱ्या आणि किती सीमा, ते मोजूनच पानांचे संच मागा.

घोळ होतो तो बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर. विमानाच्या घाईत पुनर्निर्यातीचा शिक्का राहतो आणि माल तिथेच विकला असं कस्टम्स धरतं. कार्नेटची मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत दावा येऊ शकतो: शुल्क, कर आणि वर 10 टक्क्यांपर्यंत भर. पुरावा द्यायला हमीदार संस्थेला सहा महिने मिळतात आणि ती अर्थातच तुमच्या मागे लागते. मायदेशी परत आयातीचा शिक्का असेल तर बहुधा निभावतं, म्हणून तो तरी चुकवू नका. दुसरी खोच अशी की आयात करताना अधिकारी काउंटरफॉइलवर (पानाचा कार्नेटमध्येच राहणारा भाग) परतीची तारीख लिहितो आणि ती कार्नेटच्या मुदतीआधीची असू शकते. मुखपृष्ठावरची तारीख बघून निर्धास्त राहणारे इथे फसतात.

खर्चात कार्नेटच्या फीपेक्षा हमीदार संस्थेकडे ठेवायचं तारण जड जातं. अनेक संस्था ते यादीतल्या देशांपैकी सर्वांत चढ्या शुल्कदरावर ठरवतात. त्यामुळे एखाद्या देशाने आयात शुल्क वाढवलं की विक्रीसाठी नसलेल्या मालाचंही तारण फुगतं, आणि ‘जमलं तर जाऊ’ म्हणून घातलेला देश तुमचं खेळतं भांडवल अडकवतो. तो वगळा.

एकाच देशात, एकदाच, स्वस्त नमुने न्यायचे असतील तर तिथली तात्पुरत्या आयातीची साधी पद्धत पुरते. महाग उपकरणं घेऊन दोन-तीन देश फिरणाऱ्यांना मात्र कार्नेटच परवडतं. प्रदर्शनातच माल विकायचा बेत असेल तर तेवढे नग यादीत घालू नका. ते नेहमीच्या आयातीने शुल्क भरून न्या.