बेपत्ता भावाच्या शोधासाठी नेमलेली गुप्तहेर संस्था : पाचपैकी तीन तारे

पुण्यातील एका खासगी गुप्तहेर संस्थेची ‘बेपत्ता व्यक्ती शोध’ ही सेवा आम्ही २०१९ च्या फेब्रुवारीत घेतली. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आम्हाला आलेल्या अनुभवात त्या एका कार्यालयाचा दोष किती आणि या धंद्याची रीतच तशी असण्याचा भाग किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. भाऊ सापडला नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. तरीही तीन तारे का दिले, हे समजण्यासाठी थोडी मागची हकिकत सांगावी लागेल.

थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, मिरजेत मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवत असे. जुलै २०१६ मध्ये, आषाढी एकादशीच्या आठवड्यात, तो सकाळी दुकान उघडायला म्हणून निघाला आणि दुकानात पोहोचला नाही. मोबाइल टीव्हीवर होता, दुचाकीची किल्ली खिळ्याला होती, पायांत साध्या चपला होत्या. वय एकेचाळीस, रंग सावळा, डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याची रुपयाएवढी खूण : हे वर्णन मी इतक्या वेळा लिहून दिले आहे की आता ते एखाद्या पत्त्यासारखे हातातून आपोआप उतरते. त्याआधीचे वर्षभर तो झोपत नव्हता आणि सांगलीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांची औषधे चालू होती. त्या औषधांची पाकिटेही घरीच राहिली.

पोलीस ठाण्यात त्याची नोंद ‘मनुष्य मिसिंग’ म्हणून झाली. अनेकांना माहीत नसते म्हणून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर अल्पवयीन मूल हरवले की अपहरणाचे गृहीतक धरून गुन्हा नोंदवावा लागतो आणि तपास त्याच पद्धतीने चालतो. सज्ञान माणसाच्या बाबतीत, घातपाताचा संशय नसेल तर, मिसिंग रजिस्टरला नोंद होते, वर्णन व छायाचित्र इतर ठाण्यांकडे जाते आणि एका अंमलदाराकडे कागद सोपवले जातात. सज्ञान माणसाला घर सोडून जाण्याचा हक्क आहे, हे त्यामागचे तत्त्व मला पटते, मात्र ज्याची गोळी चुकली की त्याला स्वतःचे नावही नीट सांगता येत नाही, त्या माणसाने हा हक्क बजावला असे म्हणणे जड जाते. आमच्या कागदांचे अंमलदार तीन वर्षांत चार वेळा बदलले आणि प्रत्येकाला आम्ही ते मनगट नव्याने सांगितले.

म्हणून गुप्तहेर. पहिल्या भेटीत सांगितलेली रक्कम साठ हजार होती, निम्मी आगाऊ. प्रत्यक्षात प्रवास, मुक्काम आणि त्यावरचा जीएसटी धरून शहाऐंशी हजारांच्या आसपास गेली. मुदत चार महिन्यांची ठरली होती, ती त्यांनी पाळली. भारतात खासगी गुप्तहेरांसाठी परवान्याचा स्वतंत्र कायदा नाही. २००७ मध्ये राज्यसभेत तसे विधेयक मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे भिंतीवरच्या फ्रेममध्ये लावलेली प्रमाणपत्रे कोणी दिली आहेत, हे जवळ जाऊन वाचावे. मी वाचली. बहुतेक त्यांच्याच संघटनांची होती.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट खटकली. दादाच्या मोबाइलचा बेपत्ता होण्याआधीच्या काळातला ‘सीडीआर’, म्हणजे कोणाला कधी फोन केला याचा तपशील, पंचवीस हजार जादा दिल्यास ‘मिळू शकेल’, असे आवाज उतरवून सांगण्यात आले. हा तपशील मागवण्याचा अधिकार पोलीस आणि तत्सम यंत्रणांनाच असतो. बेकायदा सीडीआर मिळवल्याच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये खासगी गुप्तहेरांना अटक केल्याच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. मी नकार दिला, त्यांनी आग्रह धरला नाही. माझ्या जागी वहिनी असत्या तर त्यांनी मंगळसूत्र मोडून ते पैसे दिले असते. समोर बसलेल्या माणसाला हे दिसत नव्हते असे मला वाटत नाही.

आता चांगली बाजू. आमच्या कामासाठी त्यांनी नेमलेले गृहस्थ रेल्वे पोलिसांतून निवृत्त झालेले हवालदार होते. छायाचित्र हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “हा दाढी वाढवलेला कसा दिसेल, ते कोणी पाहिलंय का?” तीन वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणीही विचारला नव्हता. आम्ही सगळीकडे वाटलेल्या पत्रकांवर लग्नातला, गुळगुळीत दाढीचा, फेट्यातला फोटो होता. वहिनींनी कपाटातून टायफॉइडच्या आजारपणातला एक फोटो शोधून काढला आणि पुढचे सगळे काम त्या फोटोवर झाले.

ते मिरजेहून सुटणाऱ्या प्रत्येक मार्गाने गेले. पंढरपूर, नृसिंहवाडी, अक्कलकोट, गाणगापूर येथील धर्मशाळा आणि अन्नछत्रे त्यांनी पाहिली, कारण मनाचा तोल गेलेली माणसे बरेचदा जेवण मिळते तिथे स्थिरावतात. येरवडा आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत त्यांनी चौकशी केली. सरकारी रुग्णालयांत ‘अनोळखी पुरुष’ म्हणून दाखल झालेल्यांच्या नोंदी आणि मिरज, पुणे, सोलापूर भागातील रेल्वे पोलिसांकडची अकस्मात मृत्यूची प्रकरणे जितकी दाखवली गेली तितकी पाहिली. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे नावही आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. डॉ. भरत वाटवानी यांची ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते आणि त्या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला आहे. उपचाराने माणूस सावरला की तो आपल्या गावाचे नाव सांगतो आणि मग घर सापडते, ही त्या कामाची दिशा आम्ही चालत होतो त्याच्या नेमकी उलट आहे. घरच्यांनी माणूस शोधण्यापेक्षा माणसानेच घर सांगण्याची शक्यता अधिक, असे हवालदारसाहेब म्हणाले. त्यांच्या संस्थेने मात्र हे वाक्य माहितीपत्रकात छापलेले नाही.

मे महिन्यात हुबळीहून त्यांच्या दुसऱ्या एका माणसाचा फोन आला. तो माझ्याकडे यायला हवा होता, आला थेट आईकडे. “ऐंशी टक्के खात्री आहे, काकू,” असे तो म्हणाला. आई निवृत्त शिक्षिका आहे, टक्केवारीचा अर्थ तिला कळतो, तरीही आम्ही निघेपर्यंत तिने दादाचे दोन सदरे इस्त्री केले होते आणि एका डब्यात शेंगदाण्याची चटणी भरली होती. हुबळीला बस स्थानकामागे आम्हाला दाखवण्यात आलेला माणूस उंचीने आणि कपाळाने खरोखर दादासारखा होता. मी त्याचे डावे मनगट हातात घेतले आणि उलटे केले. ते कोरे होते. तो कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत राहिला आणि आई त्याच्याशेजारी कट्ट्यावर बसून त्याला चटणी-भाकरी भरवत राहिली. या फेरीचे सात हजार चारशे रुपये आमच्या बिलात लागले. पैशांविषयी माझी तक्रार नाही. ऐंशी हा आकडा कुठून आला, याविषयी आहे. संस्थेला मी लेखी विचारले, तेव्हा ‘क्षेत्रीय प्रतिनिधीचा व्यक्तिगत अंदाज’ असे उत्तर आले. एक तारा तिथे कापला आहे. दुसरा तारा कापला तो या गोष्टीसाठी, की तो माणूस दादा नाही हे ठरल्यावर तो मग कोण आणि त्याचे घर कुठे, हे त्यांच्यापैकी कोणीही विचारले नाही. आई परतीच्या गाडीत तेवढेच विचारत होती. शेवटी हवालदारसाहेबांनी स्वतःच्या फोनवरून तिथल्या पोलिसांना त्याचे वर्णन कळवले, ते बिलात नव्हते.

जूनअखेर अहवाल आला : एकेचाळीस पाने, स्पायरल बाइंडिंग, प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, भेटलेल्या माणसाचे पद. शेवटच्या दोन पानांचे शीर्षक होते ‘न पाहिलेली ठिकाणे’. मुंबईतील शवागारांच्या नोंदी, तिरुपती, शिर्डीचा परिसर, गुजरातकडे जाणारा मार्ग, अशी ती यादी होती. ‘शक्य तितका शोध घेतला’ असे मोघम लिहिण्याचा मोह टाळून जे केले नाही ते लिहून देणारी संस्था विरळा असावी. तीन ताऱ्यांपैकी दोन या दोन पानांचे आहेत. बेपत्ता माणसाच्या घरात शोध कधी संपतच नाही, कारण जग मोठे आहे आणि आपण कुठे पाहिले याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. अहवालानंतर शिर्डीला मी स्वतः जाऊन आलो आणि त्या ओळीवर रेघ मारली. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली, हे इथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये.

एक काम त्यांच्या हातात नव्हते. बेवारस मृतदेहांचे डीएनए नमुने आणि बेपत्तांच्या नातेवाइकांचे नमुने आपोआप ताडून पाहणारी राष्ट्रीय सूची आपल्याकडे नाही. डीएनए तंत्रज्ञानाच्या ज्या विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्यासाठी स्वतंत्र सूची प्रस्तावित होत्या, ते विधेयक सरकारने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. आईचे रक्त द्यायला आम्ही केव्हाही तयार आहोत. ते कशाशी ताडायचे, हा प्रश्न आहे.

अमेरिकेतील अभ्यासक पॉलिन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून अशा दुःखाला जे नाव दिले, त्याला मराठीत ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. आमच्या घरात ही संदिग्धता फार साध्या प्रश्नांतून येते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला वहिनींना बोलवावे की नाही, हे शेजारणींना कळत नाही, म्हणून त्या कोणाला तरी विचारायला पाठवतात आणि ते विचारणेच लागते. घराला रंग देताना बाहेरचा निळा रंग बदलू नये असा आईचा हट्ट होता, कारण तो परत आला तर घर ओळखेल का. शिधापत्रिकेच्या ई-केवायसीला दादाचा अंगठा कुठून आणणार, म्हणून त्याचे नाव कमी होण्याची वेळ आली, तेव्हा आई दुकानदाराशी आयुष्यात प्रथमच भांडली. गुरुजी म्हणाले, बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पालाशविधी, म्हणजे देहाऐवजी पळसाच्या पानांची प्रतिमा करून अंत्यसंस्कार, करावा. कायदा सात वर्षांवर थांबतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे, ज्यांना एरवी त्याची खबर लागली असती त्यांना सात वर्षे ती लागली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. त्यावरून मृत्यू मानता येतो, पण तो कधी झाला हे ठरत नाही. विम्याचा हप्ता मधल्या काळात चुकला तर पॉलिसी बंद पडण्याची भीती असते, म्हणून वहिनी तो भरत आल्या आहेत.

दादाला मृत मानावे असे दिवाणी न्यायालयाने जाहीर करावे, यासाठीचा दावा वहिनींनी ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल केला. वकिलांनी सर्व कागद पाहिले आणि गुप्तहेरांचा अहवाल, विशेषतः त्यातील तारखा, उपयोगी पडेल असे सांगितले. म्हणजे जिवंत माणूस शोधण्यासाठी घेतलेली सेवा त्याला मृत मानण्याच्या कामी आली. संस्थेला हे कळवण्याची गरज मला वाटली नाही.

ज्यांना अशी सेवा घ्यावी लागेल, त्यांनी करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : कोणतीही ‘खात्री’ घरातील एकाच ठरलेल्या माणसाला कळवली जाईल, आणि न पाहिलेल्या ठिकाणांची यादी अहवालासोबत मिळेल. प्रत्यक्ष फिरणारा माणूस कोण, हे आधी भेटून पाहावे. कार्यालयात बसणारा गोड बोलतो, पण तो गाणगापूरला जात नाही.

चार महिने संपल्यावर ‘फाइल सक्रिय ठेवण्याची’ वार्षिक फी दीड हजार रुपये आहे. त्या बदल्यात काय केले जाते, असे मी दोनदा विचारले, समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि माझ्या मते ही फी घेण्यासारखे ते काहीच करत नाहीत. ती आईच्या निवृत्तिवेतनातून जाते. यंदाची पावती गेल्या आठवड्यात आली, तिने ती अहवालाच्या शेवटच्या पानाला टाचणीने लावून ठेवली आहे.