भूजीवशास्त्र की खगोलजीवशास्त्र: सोलापूरच्या विज्ञान पदवीधरासाठी तुलनात्मक आढावा

सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भूशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्या आणि पुढे संशोधनात उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे हल्ली ही दोन नावे येतात. खडक, पाणी आणि सूक्ष्मजीव यांनी कोट्यवधी वर्षे एकमेकांना कसे घडवले, हा भूजीवशास्त्राचा विषय. पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असू शकेल का आणि असल्यास ती ओळखायची कशी, हा खगोलजीवशास्त्राचा. प्रयोगशाळेतली साधने मात्र बहुतांशी सारखीच असतात. त्यामुळे खरा निर्णय पायाची पदवी कोणती आणि ती कोठे घ्यायची, हा आहे, आणि माझ्या मते तो पाया पृथ्वीवरच्या खडकांचाच असावा.

यामागचे कारण मंगळावरच्या ताज्या कामातच दिसते. पर्सिव्हरन्स या रोव्हरने जुलै 2024 मध्ये जेझेरो विवरातल्या एका जुन्या नदीपात्रात ठिपकेदार खडकाचा नमुना घेतला. त्या खडकात व्हिव्हियानाइट हे लोहाचे फॉस्फेट आणि ग्रेगाइट हे लोहाचे सल्फाइड असल्याच्या खुणा मिळाल्या. पृथ्वीवर गाळात ही खनिजे पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या चयापचयातून तयार होतात, पण जीवाशिवायही ती तयार होऊ शकतात. म्हणून शास्त्रज्ञांनी 2025 मध्ये ‘संभाव्य’ जैवखूण एवढाच दावा केला. हा संशय दूर करायचा, तर पृथ्वीवरच्या गाळात ही खनिजे कशी बनतात हे बारकाईने ठाऊक असलेला माणूसच लागतो.

परदेशी विद्यापीठेही याच क्रमाने शिकवतात. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठ आणि पेन स्टेट येथे खगोलजीवशास्त्रातली पीएच.डी. भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा खगोलशास्त्र अशा एखाद्या मूळ विभागाच्या पदवीला जोडूनच मिळते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे संशोधक पिलबरा भागातल्या सुमारे 348 कोटी वर्षे जुन्या स्ट्रोमॅटोलाइटांवर, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांतून घडलेल्या खडकांवर, काम करतात. खर्चाचा हिशेब मात्र वेगवेगळा आहे. अमेरिकेतल्या पीएच.डी.ला बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते, तर ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीचा खर्च बहुतेकांना स्वतःच उचलावा लागतो. कर्ज काढून केवळ नावासाठी ती पदवी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

भारतात या नावाच्या पदव्या फारशा नाहीत, पण काम मात्र आहे, आणि महाराष्ट्राचा हात इथे कोणी धरू शकणार नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे असून ते बेसॉल्टमध्ये पडलेले आहे. मंगळाचा पृष्ठभागही प्रामुख्याने बेसॉल्टचाच असल्याने तुलनेसाठी ते मोलाचे आहे. तिथले पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव, असल्याचे दाखवले. दुसरी जागा कोयना. भूकंपांच्या अभ्यासासाठी तिथे सुमारे 3 किलोमीटर खोल विंधन घेतले गेले, आणि त्या खोलीवरच्या खडकांतल्या सूक्ष्मजीवांवर आयआयटी खरगपूरच्या गटाने काम केले आहे. कोयनेजवळचे कराड सोलापूरहून लोणारपेक्षा जवळ पडते.

सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात उपयोजित भूशास्त्राची एम.एस्सी. करणाऱ्याला अभ्यासाची सामग्री दाराशीच मिळते. नव्याने खोदलेल्या विहिरीच्या कडेला वरून काळी माती, तिच्यात चुनखडीचे खडे, मग मुरूम आणि त्याखाली मांजऱ्या खडक (पोकळ्या असलेला बेसॉल्ट) असा क्रम अनेक ठिकाणी दिसतो. मांजऱ्यातल्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक भरलेले असतात, आणि त्यांवरून पाणी झिरपत असते. या पोकळ्यांत कोणते जीव राहतात, हा एम.एस्सी.च्या प्रबंधाला पुरून उरेल असा प्रश्न आहे. विजयपूर ओलांडून बागलकोटकडे गेले की कलादगी खोऱ्यातले प्राचीन स्ट्रोमॅटोलाइटही पाहता येतात. महागडी उपकरणे आणि जनुकक्रम वाचण्याची सोय यांत मोठ्या संस्था अर्थातच पुढे आहेत, आणि ही उणीव लहान नाही.

भूशास्त्राच्या पदवीधराने जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीचा प्रयत्न अवश्य करावा. प्रवेश नाही मिळाला, तरी सोलापुरातली एम.एस्सी. हा दुय्यम मार्ग नव्हे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधराची अडचण वेगळी आहे. भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी पदवीला तो विषय असण्याची अट असते. त्याने स्वतःच्याच विषयात एम.एस्सी. करून प्रबंधासाठी खडक किंवा भूजल निवडावे. पुढे सीएसआयआर नेटमध्ये एकासाठी पृथ्वीविज्ञानाची, तर दुसऱ्यासाठी जीवविज्ञानाची प्रश्नपत्रिका आहे; कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. संशोधनात जमले नाही, तर भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते, आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत व सांडपाणी प्रक्रियेत काम मिळू शकते. घरची जबाबदारी असलेल्याने हे आधीच तपासून घ्यावे.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना विभागाच्या नावापेक्षा नमुना निर्जंतुक पद्धतीने कोण काढणार, समस्थानिकांचे मापन कोठे होणार, डीएनएच्या खर्चाला निधी आहे का, आणि आधीच्या विद्यार्थ्यांना पदवीला किती वर्षे लागली, हे प्रश्न प्रवेश घेण्याआधी समोर बसून विचारावेत.