तान्ह्या पोळ्याचा नंदी: शिंग मोडलं, तरी चार तारे

आमच्या लहान्याचा चाकाचा लाकडी नंदी दारातून निघाला आणि पोस्टाच्या कोपऱ्यावरच आडवा झाला. तिथं नालीवरची फरशी बोटभर वर आली आहे. चाक अडलं, आणि अठ्ठावीसशे रुपयांचा नंदी डाव्या कुशीवर. डावं शिंग बुडातून निघून नालीत गेलं. बोजाऱ्याचे, म्हणजे घरोघर नंदीला मिळतात ते, तीसच रुपये जमले होते. आमच्या लहान्यानं जे भोकाड पसरलं, ते मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेलं असेल.

तरी हा नंदी करून देणाऱ्या दुकानाला मी चार तारे देते आहे.

दुकान वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, एका गावात, आठवडी बाजाराच्या रस्त्यावर, टिनाच्या शेडमध्ये. पाटीबिटी काही नाही. बापलेक सुतारकाम करतात. बाप दारं, चौकटी, दिवाण करतो आणि आषाढ लागला की नंदी. पोरगा नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात शिकून मागच्या वर्षी गावी आला. बावीस-तेवीसचा असेल, बोलतो कमी.

बाहेरच्यांसाठी सांगते. श्रावण अमावास्येला मोठा पोळा, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी पाडव्याला आमच्याकडे पोट्ट्यांचा तान्हा पोळा. चाकाचा लाकडी नंदी सजवून घरोघर न्यायचा आणि बोजारा घ्यायचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली हा सुरू केला असं सांगतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला तर गावोगावचे लोक जातात. म्हणजे नंदी घ्यायचा तो शोकेससाठी नाही, गावभर ओढायला.

शेडमध्ये बापाचे चौदा नंदी ओळीनं उभे होते, चौदाही सारखे. जाड पाय, गोल वशिंड, पांढरा ऑइल पेंट, नऊशे रुपये. मी त्यातलाच एक उचलणार होते. पोरगा म्हणाला, "काकू, तुमच्या घरी कोणता बैल होता जी?"

आमच्याकडे गवळाऊ जोडी होती. आर्वी-कारंज्याकडची ही जात. पांढरी, अंगानं हलकी, चालीला तेज, तोंड लांबट. दोन वर्षांपूर्वी विकली, आता ट्रॅक्टर सांगतो. मोबाइलमध्ये ढवळ्याचे चार-पाच फोटो होते ते दिले, हजार रुपये अॅडव्हान्स दिला. एक महिना म्हणाला, लावले सात आठवडे. तीनदा चक्कर मारली. तिन्ही वेळा पोरगा नंदीच्या मानेशी पटाशी घेऊन बसलेला आणि बाप त्याच्याकडे पाहून कपाळाला हात लावलेला.

मोठ्या पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नंदी घरी आला. दीड फूट उंच, सागाचा. रंग नाही, नुसतं तेल पाजलेलं. लहाना पहिल्यांदा हेच बोलला, "आपला ढवळ्या तं पांढरा होता न." बरोबरच होतं त्याचं. पोरगा म्हणे, रंग दिला की लाकूड दिसत नाही. अरे, पण पोराला बैल पाहिजे होता, लाकूड नाही! असो.

माझे सासरे ओसरीत बसले होते. त्यांनी नंदी मांडीवर घेतला, वशिंडावरून हात फिरवत खाली आणला आणि मानेवर थांबले. तिथं जू घासून पडलेला घट्टा होता. फोटोत तो मलाही कधी दिसला नव्हता. पोरानं बोटाच्या पेराएवढा उंचवटा ठेवून वर बारीक आडव्या चिरा दिल्या होत्या. सासरे काही बोलले नाहीत. आत जाऊन वाटीत तूप-हळद कालवून आणली. खांदशेकणीचा, म्हणजे बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकायचा दिवस होता, दोन वर्षांत आमच्या घरी शेकायला खांदाच नव्हता. त्या लाकडी घट्ट्यावर त्यांनी तूप-हळद चोळली आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ऑइल पेंट असता तर हळद पुसून गेली असती. तेलाच्या लाकडानं ती पिऊन घेतली. डाग आजही आहे.

आता तक्रार. पडल्यावर मी तसाच नंदी काखेत मारून दुकान गाठलं. सणाचा दिवस, पण मागेच घर आहे. बापानं मोडलेलं शिंग पाहिलं, नंदी उलटा केला आणि पोराकडे वळला, "थे शिंग वेगळं बसव म्हटलं होतं न तुले?"

"जोड दिसते, बाबा."

"दिसते तं दिसू दे. आडव्या नशीचं शिंग टिकत नाई."

लाकडाच्या नशी, म्हणजे त्यातले धागे, डोक्यात नाकाकडून मानेकडे जातात; शिंग त्याच ठोकळ्यातून वर काढलं की नशी त्याला आडव्या पडतात आणि झटक्यानं ते बिस्किटासारखं तुटतं. बाप शिंगं वेगळी कोरतो, नशी उभ्या ठेवून, आणि खाच मारून बसवतो. पोराला एकसंध बैल पाहिजे होता. चाकांचंही तेच. पाट, म्हणजे पायाखालची चाकांची फळी, दिसला की बैल खेळणं वाटतो, म्हणून त्यानं पाट पाच इंचांचा ठेवला. दीड फूट उंची आणि पाच इंच रुंदी! मी शिलाईकाम करते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरीही आधी गळ्याची डिझाइन विचारतात, काखेचं माप नंतर. काख ओढत असेल तर ब्लाउज पेटीत पडून राहतो, गळा कितीही सुंदर असो.

पोरानं वाद घातला नाही. तासाभरात नवीन शिंग कोरलं, खाच मारून बसवलं. बापानं पाटाखाली आठ इंचांच्या दोन पट्ट्या ठोकल्या आणि चाकं बाहेर काढली. पाटाच्या खालच्या अंगाला पोरानं आपलं नाव कोरलं होतं. पट्टी नेमकी त्यावरून गेली, आता शेवटची दोनच अक्षरं दिसतात. दोघांनीही पाहिलं, कोणी काढायला गेलं नाही. पैसे घेतले नाहीत. दुपारी आम्ही उरलेलं गाव फिरलो, त्याच फरशीवरून दोनदा गेलो. बोजारा चारशे दहा.

एक गोष्ट माझ्याकडूनही चुकली. मी नंदीला मखमलीची झूल शिवली होती, आरसे लावून, पार पोटाखालपर्यंत. पोरानं ती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. सगळ्या फासळ्या झाकल्या गेल्या होत्या. त्याच्या समोरच कात्री मागून चार बोटं कापली. वशिंडाची चीर मात्र मी बरोबर ठेवली होती, तेवढं त्यानं मान्य केलं.

परवा फाटकाच्या कामाला गेले तेव्हा त्याच्या वहीत जोडांची चित्रं दिसली. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जाऊन चरख्यांचे जोड उतरवून आणले म्हणे. १९३८ साली गांधीजींनी सुरू केलेलं ते संग्रहालय. मी बचत गटाबरोबर गेले होते, पण जोड कसे असतात ते पाहायचं मला सुचलं नव्हतं.

ज्यांना नंदी घ्यायचा आहे त्यांनी: लहान पोर असेल तर बापाचा नऊशेवाला घ्या, पडला तरी काही होत नाही. तुमचाच बैल पाहिजे असेल तर पोराला सांगा, पण आषाढी एकादशीच्या आधी. फोटो दोन्ही बाजूंचे द्या. रंग पाहिजे तर आधीच बोलून घ्या, आणि पाट आठ इंचांच्या खाली घेऊ नका. एक तारा त्या पाच इंचांचा कापला आहे. ढवळ्याच्या जोडीच्या पवळ्याची ऑर्डर मी आताच देऊन आले.