हेल्मेटवरचा ॲक्शन कॅमेरा, वर्षभर वापरल्यावर: बॅटरीच्या दाराचं भांडण आणि लँडिंगच्या व्हिडिओंचा खरा उपयोग

शेवटी कॅमेऱ्याच्या बॅटरीचं दार आलं. चौदाशे रुपये जीएसटीसकट, कुरिअर वेगळं. बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा, आतून रबराची बारीक कड, आणि एवढ्यासाठी जवळपास तीन महिने फोन आणि मेल. म्हणून आता बसून सगळं लिहितोय, कारण हा कॅमेरा घेऊ का असं विचारणारं सारखं कोणीतरी भेटतं आणि नेटवरचे रिव्ह्यू बघावेत तर सगळे बॉक्स उघडल्यापासून आठ दिवसांच्या आतले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या आकाराच्या बहुतेक कॅमेऱ्यांना असंच दार असतं, तुम्ही कुठलाही घेतलात तरी ते बघूनच घ्या. ५.३के, ६० फ्रेम, १० मीटरपर्यंत वॉटरप्रूफ वगैरे सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

वापर कसा झाला ते आधी सांगतो. मी नाशिकचा, इंदिरानगरला राहतो आणि स्कायडायव्हिंग करतो, म्हणजे विमानातून छत्री (पॅराशूट) घेऊन जंप मारतो. इथे ड्रॉप झोन, म्हणजे अशा जंपची जागा, नाही, त्यामुळे जंपिंग म्हणजे हिवाळ्यात हरियाणातलं नारनौल, नाहीतर रजा जुळली की पट्टाया. (त्याच पट्टायाला पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये नऊवारी नेसून जंप केली, तेव्हापासून आमच्या घरी निदान हा खेळ काय आहे हे समजावून सांगावं लागत नाही, मावशी स्वतःच पाहुण्यांना सांगते.) उरलेलं वर्ष कॅमेरा बाईकवर, अंजनेरीला, पावसाळ्यात इगतपुरीच्या घाटात, भाचीच्या हळदीत. म्हणजे धूळ, पाणी, हळद सगळं खाऊन झालंय त्याचं. हेल्मेटवर मात्र सी लायसन्स (स्कायडायव्हरचा तिसऱ्या पातळीचा परवाना) हातात आल्यावरच लावला. यूएसपीएची (अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेची) शिफारस २०० जंपची आहे आणि ती मला शंभर टक्के पटते. लोक म्हणतात दीडशे ग्रॅमचा तर आहे, काय होतंय, पण प्रश्न वजनाचा नाहीये, लक्ष कॅमेऱ्याकडे जाण्याचा आणि छत्री उघडताना तिची एखादी लाईन (दोरी) कॅमेऱ्यात अडकण्याचा आहे. म्हणून हेल्मेटसुद्धा असं घेतलं की अडकलंच तर एका हाताने ओढून अख्खं हेल्मेट सोडून देता येतं. तिथे पैसे वाचवू नका, बाकी सगळीकडे वाचवा.

मला फ्रीफॉलचे, म्हणजे छत्री उघडायच्या आधीच्या पडण्याचे, व्हिडिओ नकोच होते. तेरा हजार फुटांवरून निघालं की मिनिटभरात फ्रीफॉल संपतो, त्यात सगळ्यांचे गाल सारखेच हलतात. मला पाहिजे होतं कॅनॉपीखालचं, म्हणजे उघडलेल्या छत्रीखालचं, नंतरची चार-पाच मिनिटं. या खेळात किती तरी लोक छत्री अगदी व्यवस्थित उघडलेली असताना जखमी होतात, खाली येऊन उशिरा वळण घेतलं म्हणून, फ्लेअर (टेकताना वेग कमी करायला दोन्ही टॉगल, म्हणजे छत्रीच्या मुठी, खाली ओढणं) उंचावर मारला म्हणून, झाडांच्या किंवा हँगरच्या मागच्या खराब हवेत शिरले म्हणून. माझी कॅनॉपी १७० चौरस फुटांची, रिगसकट (पाठीवरच्या छत्रीच्या संचासकट) माझं वजन ८५ किलो म्हणजे १८७ पाउंड, विंग लोडिंग, म्हणजे चौरस फुटामागे पाउंड, १.१. फार वेगवान नाही पण सुस्तही नाही. आणि आम्ही वर्षातून थोडेच दिवस उडणारे लोक, परदेशातल्यांसारखे दर शनिवारी विमानात बसणारे नाही, त्यामुळे प्रत्येक लँडिंग घरी आणून परत परत बघणं हाच आमचा सराव.

आता दार. बॅटरी, कार्ड आणि चार्जिंगचं पोर्ट तिन्ही एकाच दारामागे आहेत. म्हणजे चार्ज करायचं उघडा, कार्ड काढायचं उघडा, बॅटरी बदलायची उघडा. अख्ख्या कॅमेऱ्यात रोज हलणारा भाग हा एकच, आणि सगळ्यात नाजूकही हाच. पट्टायाच्या ट्रिपमध्ये त्याचा खटका ढिला वाटायला लागला. बंद होत होता पण टक् असा आवाज येईना. त्याच ट्रिपमध्ये लँडिंगचे व्हिडिओ धुरकट यायला लागले. वर हवा गार असते, दर हजार फुटांना साधारण दोन अंश उतरतात, तिथून कॅमेरा खाली दमट गरम हवेत आला की काचेवर वाफ धरते, हे सगळ्यांनाच होतं आणि ते बाहेरून पुसता येतं. माझं धुकं आतल्या बाजूला होतं. त्याच विमानात मित्राचा हाच मॉडेल, दार घट्ट, त्याची काच लख्ख. कुकरची रिंग ढिली झाली की शिटीच होत नाही, तसं आहे हे, कडेने हवा जात असेल तर वॉटरप्रूफ या शब्दाला काही अर्थ नाही. आणि धुकं यायचं नेमकं शेवटच्या तीनशे फुटांत, ज्याच्यासाठी कॅमेरा घेतला तिथेच.

मी दारावर टेप लावून पुढची जंप करायची म्हटलं तर तिथल्या इन्स्ट्रक्टरने साफ नाही सांगितलं. ताशी दोनशे किलोमीटरच्या हवेत टेप सुटते, दार उडतं, ते तुझ्या मागच्याला लागेल नाहीतर खाली शेतात कुणाच्या डोक्यात जाईल, काढून ठेव. बरोबरच होतं त्याचं. उरलेल्या जंप कॅमेऱ्याविना केल्या.

नाशिकला आल्यावर महिन्याभरात चार्जिंगला लावताना खटका तुटून हातात आला. सातपूर एमआयडीसीत माझ्या मित्राचं मोल्डिंगचं युनिट आहे, त्याला नेऊन दाखवलं. त्याने भिंगाखाली धरून दोन मिनिटांत सांगितलं, "भाऊ, पिन स्टीलची आहे पण ती ज्या कानात बसते तो कान मिलिमीटरभर प्लास्टिकचा आहे, आणि तुम्ही लोक नखाने उचलता तेव्हा सगळा जोर त्याच कानावर येतो. कान अजून अर्धा मिलिमीटर जाड असता तर हे तुटलंच नसतं." म्हणजे छत्तीस हजारांच्या वस्तूत अर्ध्या मिलिमीटरचं प्लास्टिक वाचवलंय. मला याचा जेवढा राग आला तेवढा त्या कॅमेऱ्याच्या बाकी कुठल्याच गोष्टीचा आला नाही. त्याने थ्रीडी प्रिंटवर एक दार काढूनही दिलं. पहिलं पीएलएचं (थ्रीडी प्रिंटिंगचं एक प्लास्टिक), ते एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं आणि संध्याकाळी वाकडं झालं, पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि बंद गाडी तेवढी तापतेच. दुसरं पीईटीजी नावाच्या प्लास्टिकचं, ते अजून टिकून आहे, बाईकवर चालतं. सिंहस्थासाठी सगळे रस्ते खणून ठेवलेत त्या धुळीतही चाललं. पण पाण्यात नाही आणि जंपला तर अजिबात नाही.

आता ज्याबद्दल माझं मत पूर्ण फिरलं ते सांगतो. घेतला तेव्हा मी या कॅमेऱ्याच्या स्टॅबिलायझेशनवर (हलणारं चित्र स्थिर करणं) आणि होरायझन लॉकवर (क्षितिज कायम आडवं ठेवणं) फिदा होतो, दुकानात हलवून दाखवलं तेव्हाच पैसे दिले म्हणा ना. सुरुवातीचे सगळे व्हिडिओ त्यातच आहेत, लोण्यासारखे, घरी सगळ्यांना आवडतात. पण लँडिंग शिकायला ते बिनकामाचे आहेत. कॅनॉपी वळताना किती कलली, सरळ झाल्यावर किती झोका खाल्ला, हवेचा धक्का कुठे बसला, आणि मुख्य म्हणजे माझी मान कुठे वळली, हेच तर बघायचं असतं आणि सॉफ्टवेअर नेमकं तेच पुसून टाकतं. होरायझन लॉकमध्ये तर तीस अंश कललेलं वळणसुद्धा सपाट दिसतं, वर कडा कापल्या जातात ते वेगळंच. मी दोन्ही बंद केले आणि पुढच्याच व्हिडिओत दिसलं की फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, मी सारखा पायाजवळच्या जमिनीकडे बघतोय. जमिनीकडे बघितलं की ती अंगावर येते आणि हात लवकर खाली जातात. इन्स्ट्रक्टर हेच कधीपासून सांगत होते, दिसलं तेव्हा पटलं.

आणखी एक फायदा. फायनलवर समोरची जी जागा नजरेत वरही सरकत नाही आणि खालीही सरकत नाही तिथे तुमची कॅनॉपी चाललेली असते, वर चढणाऱ्या जागेपर्यंत तुम्ही पोचत नाही, खाली उतरणारी जागा ओलांडून जाता. हे हवेत असताना पकडायला अवघड जातं, घरी स्क्रीनवर बोट ठेवून शोधलं की डोळ्याला सवय होते. स्टॅबिलायझेशन बंद असेल तरच याला अर्थ आहे, नाहीतर सॉफ्टवेअर फ्रेम स्वतःच सरकवतं. सुंदर व्हिडिओ नंतर हवाच असेल तर जायरोफ्लो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॅमेरा जायरोचा (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा) डेटा फाईलमध्ये साठवत असेल तर घरी बसून हवं तेवढं स्थिर करता येतं. मग मूळ फाईल आहे तशीच घ्यायला काय हरकत आहे.

फ्लेअरची उंची मात्र यावरून ठरवू नका. वाइड लेन्समध्ये जमीन असते त्यापेक्षा लांब दिसते, व्हिडिओत पंधरा फूट वाटतं तेव्हा तुम्ही बरेच खाली असता. फ्लेअर बघायला खाली उभ्या असलेल्या मित्राने मोबाइलवर बाजूने काढलेला व्हिडिओच चांगला, त्यात हात कुठपर्यंत आले, दोन्ही टॉगल सारखे आले का, पाय कधी पुढे गेले सगळं दिसतं. त्याला खर्च शून्य.

कॉम्प्युटरचं पण लिहितो कारण यात लोक उगीच लाखभर घालतात. ५.३के ६० ला बिटरेट सेकंदाला १२० मेगाबिटपर्यंत जातो, म्हणजे मिनिटाला ९०० एमबी, सहा मिनिटांच्या एका जंपला पाच जीबीच्या वर. माझा लॅपटॉप जुना, सातव्या जनरेशनचा, तो हे घेऊन कण्हायला लागला. मला एकाने नवीन घे सांगितलं. मी नाही घेतला. लँडिंग बघायला १०८० ६० पुरतं, अगदीच वाटलं तर २.७के. इंटेलच्या सहाव्या जनरेशनपासून ८-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ साठवायचा प्रकार, बिट म्हणजे रंगांची बारीकी) हार्डवेअरवर चालतो आणि सातव्यापासून १०-बिटही, त्यामुळे सहावी असेल तर कॅमेऱ्यात १०-बिट बंद ठेवा, एवढंच. व्हीएलसी प्लेअरमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. आणि लॉसलेसकट या सॉफ्टवेअरने प्रत्येक फाईलची शेवटची दीड-दोन मिनिटं कापून ठेवायची, परत एन्कोड होत नाही, काही सेकंदांत काम होतं, बाकी फाईल उडवायची. वर्षभराची सगळी लँडिंग एका पेनड्राइव्हमध्ये मावलीत माझी.

आता सर्व्हिस. नाशिकला फक्त कलेक्शन पॉइंट, कॅमेरा मुंबईला जातो. तिथून उत्तर आलं की फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. ठीक आहे म्हटलं, पैसे घ्या आणि दार द्या. "सर, डोअर सेपरेट पार्ट नाहीये आमच्याकडे, युनिट एक्स्चेंज होईल, अठरा हजार पाचशे." चालू कॅमेरा, लेन्स नीट, सेन्सर नीट, बॅटरी नीट, आणि दारासाठी साडेअठरा हजार भरायचे आणि चांगला कॅमेरा त्यांना परत द्यायचा. मी म्हटलं तुमच्याच वेबसाइटवर दुसऱ्या देशात हे दार सुटं विकायला आहे. त्यावर मेलला उत्तर यायचं बंद झालं. त्याच सुमारास एमजी रोडला एका दुकानात डुप्लिकेट दार साडेतीनशेला मिळालं, बसतं छान, पण रबर इतकं पातळ की नळाखाली धरायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

शेवटी १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. बिल, सगळे मेल, त्या परदेशी साइटचा स्क्रीनशॉट जोडला, तक्रारीचा नंबर मिळाला. हे कोर्ट नाही, ते तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागतात, पण तेवढ्याने हललं. पंधरवड्यात कंपनीच्या वरच्या कुणाचा तरी फोन, पार्ट मागवतो म्हणून, आणि आला. केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टलही २०२२ च्या डिसेंबरपासून आहे. आणि नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, ती माझी पुढची पायरी होती. साडेअठरा हजार भरून मोकळे होऊ नका, आधी हे करा.

नवीन दार बसवून बादलीत तासभर बुडवून ठेवला, कोरडा निघाला. कानाची जाडी तीच आहे, मित्राने मोजली, त्यामुळे आता दार नखाने उचलत नाही, खटका आधी पूर्ण सरकवून मगच उघडतो, आणि घरी व बाईकवर ते प्रिंटचं दार, हे नवीन फक्त जंपला आणि पाण्याला. विमानात कॅमेरा आधीपासून चालू ठेवत नाही, वारा नसतो आणि तापून बंद पडतो, विमानाचं दार उघडायच्या दोन-तीन मिनिटं आधी चालू करतो.

घ्यायचा का? लँडिंग सुधारायला घेणार असाल आणि जंपचा अनुभव तेवढा असेल तर घ्या, पण मागच्या वर्षीचा मॉडेल घ्या, दहा-बारा हजार वाचतात आणि या कामाला काडीचा फरक पडत नाही. सेकंडहँड बघत असाल तर दार पाच-सहा वेळा उघडबंद करून टक् आवाज ऐका, काच आतून बघा. घेतानाच सुटं दार मिळत असेल तर बिलात टाकून घ्या. एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ नका, त्यातही हे दार धरत नाहीत, मी कागद वाचून बघितलाय. सातपूरच्या त्या पीईटीजी दाराची फाईल माझ्याकडे आहे, बाईक किंवा ट्रेकसाठी कुणाला हवी असेल तर मेसेज करा, जंपसाठी मागू नका, देणार नाही.