फास्टसिम की ऑटोनोमी?

गाडी किती इंधन खाईल याचा हिशेब संगणकावर मांडणारी ही दोन्ही सॉफ्टवेअर अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळांत घडली: फास्टसिम कोलोरॅडोतल्या एनआरईएलमध्ये, ऑटोनोमी शिकागोजवळच्या आर्गॉनमध्ये. खरा फरक आहे तो हिशेबाच्या दिशेत.

फास्टसिम चाकाकडून इंजिनाकडे उलटं जातं. दर सेकंदाचा वेग दिला, की गाडीचं वजन, हवेचा रोध आणि टायरचं घर्षण धरून चाकाला किती किलोवॅट लागतील ते काढतं, आणि तिथून इंधनापर्यंत पोचतं. ऑटोनोमीत आधी आभासी ड्रायव्हर येतो. वेग कमी पडतोय असं दिसलं की तो ॲक्सिलरेटर दाबतो, कंट्रोलर गिअर ठरवतो, टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, चाकापर्यंत जातो आणि मग गाडी हलते, अगदी रस्त्यावर होतं तसं. म्हणून हायब्रिडमध्ये इंजिन नेमकं कधी चालू व्हावं, हे ठरवणाऱ्यांनी ऑटोनोमीच घ्यावं.

पण त्याला मॅटलॅब-सिम्युलिंक हे विकतचं गणिती सॉफ्टवेअर लागतं, शिवाय प्रत्येक भागाचा बारीक डेटा. तो विद्यार्थ्याने आणायचा कुठून? फास्टसिम मोफत आहे, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं. आपल्याकडच्या चाचणीची, कमाल ताशी ९० किमी वेगाची एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल), म्हणजे दर सेकंदाच्या वेगाचा ठरलेला तक्ता, त्यात भरा, वजन १०० किलोंनी उतरवा, एसीचा भार वाढवा. मायलेज किती हललं ते लगेच कळतं. शिकणाऱ्याला मी हेच आधी हातात देईन.